दोन मॅग्नेटो, एक उष्णता

स्वतःच्या हातांनी विमान बांधावे आणि त्यातूनच आकाशात जावे, ही आकांक्षा ज्याच्या मनात एकदा मूळ धरते, त्याचे लक्ष प्रथम पंखांच्या घडणीकडे, मग इंजिनाच्या अश्वशक्तीकडे आणि त्यानंतर वैमानिकासमोरच्या घड्याळांच्या फलकाकडे जाते. परंतु इंजिनाची पाठ आणि अग्निरोधक भिंत यांच्यामधल्या चार-सहा इंचांच्या अरुंद जागेत, जिथे हात घालून साधा नटही धड आवळता येत नाही, तिथे बसवलेल्या दोन लहानशा यंत्रांवर आपल्या साऱ्या उड्डाणाची मदार आहे, आणि त्या यंत्रांचा सर्वांत मोठा वैरी त्यांच्याच शेजारी धगधगत असतो, याची जाणीव त्याला बहुधा उशिरा होते. ही दोन यंत्रे म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो, आणि त्यांचा वैरी म्हणजे इंजिनाची उष्णता.

घरी बांधलेल्या विमानांची परंपरा मुख्यत्वे अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि 1970 पासून तिचा मेळावा त्याच राज्यातील ऑशकॉश येथे भरू लागला. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग जर हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केला असेल, तर त्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गात दाखला मिळतो, आणि मग इंजिनाभोवतीचे आवरण कसे असावे, हवा कोठून आत घ्यावी, ठिणगीची यंत्रणा कोणत्या जातीची बसवावी, हे सारे ठरवण्याची मुभा बांधणाऱ्याला मिळते. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानात या प्रत्येक बाबीसाठी चाचण्या झालेल्या असतात, सरकारी खात्याची मंजुरी घेतलेली असते आणि तपमानाचे आकडे दप्तरी नोंदलेले असतात. हौशी बांधणीत ती सगळी जबाबदारी एकट्या माणसाच्या खांद्यावर येते. मिळालेल्या मुभेबरोबर हे ओझेही येते, ही गोष्ट मला या छंदातील सर्वांत मोलाची वाटते, कारण ती माणसाला यंत्राचा केवळ मालक राहू देत नाही.

ठिणगीची आणि उष्णतेची ही गाठ विमानाच्या जन्मापासूनची आहे. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंच्या विमानाला उचलणारे, चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने घडवलेले इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदे सुमारे 16 अश्वशक्ती देई आणि तापताच 12 अश्वशक्तीवर उतरे, कारण आत ओढली जाणारी हवाच गरम होऊन विरळ होत असे. त्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हता. सिलिंडरच्या आतच दोन धातूचे स्पर्शक एकमेकांपासून झटकन दूर होत आणि त्यांच्यामध्ये ठिणगी पडे. त्याच सुमारास, 1902 साली, जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि हौशी विमानांत आजही सर्रास दिसणारा मॅग्नेटो त्याच कुळातला आहे.

त्याचे कार्य समजून घेतले म्हणजे त्याची नाजूक जागा कोणती हेही कळते. इंजिनाच्या दातेरी चक्राबरोबर फिरणारा एक कायमचुंबक, त्याच्या शेजारी जाड तारेचे थोडे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असलेली कॉइल, नेमक्या क्षणी उघडणारे स्पर्शक, त्या स्पर्शकांवर अवांतर ठिणगी पडू नये म्हणून जोडलेला कंडेन्सर, आणि तयार झालेला दाब योग्य त्या सिलिंडरकडे धाडणारा वितरक, एवढाच काय तो त्याचा संसार. त्याला बॅटरी लागत नाही. विमानातील साऱ्या विजेचा पुरवठा खंडित झाला तरी इंजिन फिरत आहे तोवर तो आपली ठिणगी देत राहतो, आणि म्हणूनच शंभराहून अधिक वर्षे वैमानिकांनी त्याच्यावर विश्वास टाकला आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल तर प्रत्येक मॅग्नेटोला मिनिटाला 4,800, म्हणजे सेकंदाला 80 ठिणग्या द्याव्या लागतात, आणि या प्रत्येक ठिणगीसाठी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब क्षणभर उभा राहतो. तो दाब आवरून धरण्याचे काम त्या बारीक तारेवरच्या रोगणाच्या पातळ थराकडे आणि वेढ्यांमधल्या भरणाकडे असते. उष्णता पहिला घाव घालते तो येथेच.

आता ही यंत्रे बसतात कोठे ते पाहू. अमेरिकेतील व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतील विमाने हौशी माणसांनी हजारोंच्या संख्येने बांधली, आणि त्यांपैकी बहुतेकांत लायकॉमिंगचे चार आडव्या सिलिंडरांचे, 160 किंवा 180 अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन असते. प्रोपेलरच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तोंडांतून हवा आत येते, सिलिंडरांच्या वरच्या बंदिस्त कप्प्यात तिचा दाब वाढतो, मग ती सिलिंडरांवरच्या धातूच्या पातळ पाकळ्यांमधून खाली उतरते, उतरता उतरता उष्णता उचलते आणि इंजिनाखालच्या कप्प्यातून मागच्या वाटेने बाहेर पडते. मॅग्नेटो असतात ते इंजिनाच्या पाठीवर, वरच्या थंड कप्प्याच्या मागच्या भिंतीपलीकडे. म्हणजे त्यांच्या वाट्याला येते ती सिलिंडरांना निववून आलेली, उन्हाळ्याच्या दिवसांत सहज 80 अंश सेल्सियसच्या घरात पोचलेली हवा. शिवाय ज्या कवचावर ते आवळलेले असतात, त्याच्या आत फिरणाऱ्या तेलाचे तपमान सामान्यतः 82 अंशांच्या आसपास असते आणि 118 अंशांपर्यंत ते चालवून घेतले जाते. तेव्हा भोवतालची हवा आणि बैठकीचा धातू, अशी दुहेरी उष्णता मॅग्नेटोमध्ये शिरत असते, आणि ती बाहेर काढण्याची स्वतंत्र तजवीज केली नाही तर त्याने थंड राहावे तरी कसे?

अशा उष्णतेने मॅग्नेटो एका दिवसात बंद पडत नाही, आणि घोटाळा होतो तो यामुळेच. रोगणाचा थर हळूहळू ठिसूळ होतो, बेअरिंगमधले ग्रीस सुकते, कंडेन्सरची क्षमता ढळते, आणि एखाद्या दिवशी कॉइलच्या वेढ्यांत केसाएवढा तडा जातो. इंजिन थंड असताना त्या तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकून असतात आणि ठिणगी व्यवस्थित पडते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, कडा दूर होतात आणि ठिणगी नाहीशी होते. पुन्हा निवले की सारे पूर्ववत. उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन सुमारे 1,700 ते 2,000 फेऱ्यांवर ठेवून एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो, आणि फेरे 175 हून अधिक उतरले नाहीत व दोघांतला फरक 50 हून जास्त नसला तर लायकॉमिंगच्या हिशोबाने परीक्षा उत्तीर्ण झाली असे मानतो. ही परीक्षा आवश्यक आहे यात शंका नाही, पण ती सकाळच्या गारव्यात, इंजिन पुरते तापण्याआधी घेतली जाते. जो दोष चाळीस मिनिटांच्या उड्डाणानंतर डोके वर काढतो, तो तिच्यात सापडणार नाही.

येथे प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतातच, मग एक निकामी झाला म्हणून काय बिघडले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल, आणि तो रास्तही आहे. एका मॅग्नेटोवर इंजिन चालते, शक्ती थोडी कमी होते, आणि विमान सुखरूप उतरवता येते. परंतु हे दोन मॅग्नेटो एकाच कवचावर, एकाच उष्ण कप्प्यात, वीतभर अंतरावर बसलेले असतात, बहुतेक वेळा एकाच वयाचे आणि एकाच बनावटीचे असतात, आणि जी उष्णता डाव्याला जाळते तीच उजव्यालाही जाळत असते. संख्येने दोन असणे आणि परस्परांपासून स्वतंत्र असणे यांत जो भेद आहे, तो विमानविद्येत जीवनमरणाचा ठरू शकतो. माझ्या मते ठिणगीच्या यंत्रणेला थंड ठेवण्याचा सारा खटाटोप याच एका कारणासाठी आहे: दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने, एकाच उड्डाणात खचू नयेत.

यासाठी पहिली गरज आहे ती आत आलेल्या हवेच्या शिस्तीची. पाटाचे पाणी वाटेत बांधाच्या भगदाडातून वाहून गेले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसेच वरच्या कप्प्यातील हवा जर पत्र्यांमधल्या फटींतून आणि रबराच्या दुमडलेल्या कडांतून निसटली, तर सिलिंडरही नीट थंड होत नाहीत आणि मॅग्नेटोसाठी लावलेल्या नळीतही जोर उरत नाही. म्हणून विमान बांधणारा जाणता माणूस रात्री आवरणाच्या आत दिवा ठेवून बाहेरून प्रकाश कोठे कोठे दिसतो ते पाहतो आणि ती प्रत्येक फट उष्णता सोसणाऱ्या तांबड्या सिलिकोनने बुजवतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात हात बरबटतात, आणि पाहणाऱ्याला त्याचे काही कौतुक नसते. तरीही या विषयातले निम्मे यश येथेच पदरात पडते.

हवेचा हा जोर सदैव सारखा नसतो, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. विमान ताशी 160 मैलांनी सरळ दौडत असताना जो दाब मिळतो, त्याच्या अवघा दोन-पंचमांश दाब ताशी 100 मैलांनी वर चढताना मिळतो, आणि नेमके त्याच वेळी इंजिन पूर्ण शक्तीने चालत असते. पुढे 8,000 फुटांवर गेल्यावर हवा दर हजार फुटांमागे सुमारे दोन अंशांनी थंड होत गेलेली असते खरी, पण तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांश उरते, त्यामुळे त्याच वेगाच्या झोतात उष्णता वाहून नेणारे वस्तुमान कमी भरते. सपाट दौडीतले आकडे पाहून समाधान मानणाऱ्याने म्हणूनच चढणीचे आकडे पाहिल्याशिवाय उठू नये.

प्रत्यक्ष मॅग्नेटोसाठी जो उपाय सर्वमान्य झाला आहे, तो दिसायला अगदी साधा आहे. वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला सुमारे 16 ते 19 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून तेथून एक लवचीक नळी मॅग्नेटोपर्यंत आणायची, म्हणजे सिलिंडरांना न शिवलेली, जवळजवळ बाहेरच्याच तपमानाची हवा थेट त्याच्या अंगावर पडते. अमेरिकन हौशी या नळीला ब्लास्ट ट्यूब म्हणतात. साधी असली तरी ती कशी लावली यावर सारे अवलंबून असते. झोत आपला वेग आणि गारवा टिकवतो तो नळीच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंतच. त्यापुढे तो भोवतालच्या गरम हवेत मिसळून निस्तेज होतो. तेव्हा नळीचे तोंड मॅग्नेटोपासून दोन-तीन सेंटिमीटरांवर, आणि कॉइल ज्या बाजूला आहे त्याच बाजूला रोखलेले हवे. कोठेतरी मागच्या बाजूला हवा येते आहे एवढ्यावर भागत नाही. नळी इंजिनाच्या कंपनाने घासून फाटू नये म्हणून तिला आधार लागतो, आणि ती एक्झॉस्टच्या नळ्यांजवळून गेली तर वाटेतच तिच्यातील हवा तापते. शिवाय असे प्रत्येक भोक म्हणजे सिलिंडरांच्या वाट्याची थोडी हवा काढून घेणे. 16 मिलिमीटरच्या एका नळीचे तोंड दोन चौरस सेंटिमीटर भरते. दोन मॅग्नेटोंसाठी ते सहज परवडते, पण पुढे विजेच्या जनित्रासाठी एक, इंधनाच्या पंपासाठी एक, आणखी कशासाठी एक अशी भोके वाढत गेली, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्याचे तपमान चढू लागते. त्याची अंतिम मर्यादा 260 अंश असली तरी नित्याच्या दौडीत ते 205 च्या आसपास किंवा खाली राहावे, अशी अनुभवी लोकांची धारणा आहे.

हवेने वाहून आणलेल्या उष्णतेखेरीज किरणांनी येणारी उष्णताही असते, आणि तिचा बंदोबस्त निराळा करावा लागतो. एक्झॉस्टमधून निघणारा वायू 700 ते 800 अंशांचा असतो. त्याच्या नळ्या उघड्या हवेतूनही आजूबाजूच्या वस्तूंना तापवतात. लायकॉमिंगच्या इंजिनात एक्झॉस्ट खालच्या बाजूला असल्याने खालच्या स्पार्क प्लगांकडे जाणाऱ्या तारा त्या नळ्यांच्या अगदी लगत येतात, आणि तारेचे वेष्टन करपून ठिणगी वाटेतच धातूत उतरू लागते. येथे झोतापेक्षा आडोसा अधिक उपयोगी पडतो: चकचकीत पोलादाचा पातळ पत्रा, आणि तो नळीला चिकटून न ठेवता मध्ये हवेची मोकळी फट राखलेला.

गेल्या काही दशकांत हौशी विमानांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले. इंजिनाच्या गतीप्रमाणे आणि भाराप्रमाणे ते ठिणगीची वेळ बदलते, त्यामुळे इंधन वाचते आणि इंजिन सुरळीत चालते. स्पर्शक झिजण्याचा प्रश्नही राहत नाही. परंतु उष्णतेच्या बाबतीत या नव्या यंत्रणेची सहनशक्ती जुन्या मॅग्नेटोहून अधिक आहे असे समजणे चूक ठरेल. सामान्य वापराचे इलेक्ट्रॉनिक घटक 70 अंशांपर्यंत, औद्योगिक दर्जाचे 85 अंशांपर्यंत आणि मोटारींसाठी बनवलेले 125 अंशांपर्यंत काम देतात. द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य तपमानाच्या दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांची हयगय केली की चार वर्षांचे काम एका वर्षात आटोपते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या 912 मालिकेच्या इंजिनांत, जी 80 आणि 100 अश्वशक्तीची असून हलक्या विमानांत जगभर वापरली जातात, डोकी पाण्याने व सिलिंडर हवेने थंड होतात आणि ठिणगीसाठी दोन इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. या पेट्यांच्या तपमानाची मर्यादा 80 अंश आहे. बंदिस्त आवरणात, कडक उन्हात, हा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

काही बांधणारे या पेट्या अग्निरोधक भिंतीच्या अलीकडे, वैमानिकाच्या बाजूला आणतात. तेथे त्या निश्चित थंड राहतात, पण तारा लांबतात, रेडिओत खरखर शिरू शकते, आणि भिंतीला पाडलेल्या प्रत्येक भोकाला आग रोखण्याच्या दृष्टीने पुन्हा बंद करावे लागते. तरीही, जागा असेल तर, हा सौदा फायद्याचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तरीदेखील सर्वांत कठीण प्रसंग आकाशात येतच नाही. तो येतो विमान उतरून इंजिन बंद केल्यानंतर. उड्डाणात झोत वाहत असतो. प्रोपेलर थांबला की तो थांबतो, मात्र सिलिंडर, तेल आणि एक्झॉस्टच्या नळ्या यांनी साठवलेली उष्णता कोठे जाणार? ती आवरणाच्या आत वर चढते, आणि इंजिन बंद झाल्यानंतरची काही मिनिटे मॅग्नेटोचे व पेट्यांचे तपमान उतरण्याऐवजी वाढत जाते. इंधन भरून वीस मिनिटांत पुन्हा निघालेला वैमानिक म्हणूनच पहिल्या उड्डाणापेक्षा अधिक तापलेली यंत्रणा घेऊन निघतो. आरव्ही विमाने चालवणारी जाणती माणसे उतरताच तेल पाहण्यासाठी असलेली आवरणावरची छोटी झडप उघडी ठेवतात, म्हणजे गरम हवेला वरून वाट मिळते, आणि विमानाचे तोंड वाऱ्याकडे करून ते उभे करतात. ज्या विमानांत प्रोपेलर मागे असतो, जसे बर्ट रुटान यांच्या 1970 च्या दशकातील व्हेरीईझी आणि लाँग-ईझी या प्रसिद्ध आकृतिबंधांत, त्यांना जमिनीवर प्रोपेलरचा झोत तोंडातून मिळतच नाही, त्यामुळे उन्हात रांगेत उभे राहणे त्यांना अधिकच जड जाते. एक खबरदारी मात्र घ्यावी: तापलेले इंजिन सुरू होत नाही म्हणून लगेच मॅग्नेटोला दोष देऊ नये, कारण पुष्कळदा नळीत इंधनाची वाफ होऊन प्रवाह अडलेला असतो. ठिणगी खरोखर पडत नाही हे तपासून पाहिल्यावाचून निवाडा करणे घाईचे होईल.

तपासण्याचे साधनही काही महागडे नाही. बोटाएवढ्या लांबीची, चिकटणारी कागदी पट्टी मिळते. तिच्यावर ओळीने पांढरे ठिपके असतात आणि प्रत्येकाखाली तपमानाचा आकडा छापलेला असतो. त्या आकड्याला पृष्ठभाग पोचला की तो ठिपका काळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. मॅग्नेटोचे अंग स्पिरिटने पुसून कॉइलच्या बाजूला एक पट्टी, इलेक्ट्रॉनिक पेटीवर दुसरी आणि तारांच्या टोकापाशी तिसरी लावायची, एकेका उड्डाणानंतर आवरण काढून कोणता ठिपका काळवंडला ते पाहायचे, आणि दिवसाच्या तपमानासह रोजनिशीत नोंदवायचे. पट्टीला इंजिन बंद झाल्यानंतरचीही उष्णता कळते, त्यामुळे उतरल्यावर लगेच एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा वाचली, म्हणजे आकाशातली उष्णता किती आणि जमिनीवरची किती, हा भेदही हाती येतो. अमेरिकेत नव्या प्रायोगिक विमानाला, इंजिन व प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर 25 तास आणि नसेल तर 40 तास, ठरलेल्या हद्दीत चाचणीसाठी साधारणपणे उडवावे लागते. या नोंदी करण्यासाठी याहून योग्य काळ दुसरा नाही.

हा छंद आपल्याकडे अगदीच परका राहिलेला नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि 2017 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. त्यांच्या मागोमाग जे तरुण या वाटेला लागतील, त्यांना विस्कॉन्सिनच्या हवेत बेतलेले आकडे तसेच्या तसे उचलून चालणार नाही. विदर्भ-खानदेशात मे महिन्याच्या दुपारी सावलीतच 45 अंश असतात. डांबरी पट्टीवर उभ्या विमानाच्या आवरणात शिरणारी हवा त्याहून गरम असते. आणि 80 अंशांची मर्यादा असलेल्या पेटीला त्या हवेतून उरतो तो जेमतेम तीस-पस्तीस अंशांचा अवकाश. म्हणून त्यांना माझी एवढीच आग्रहाची विनंती आहे की, दोन ठिणग्यांपैकी एक मॅग्नेटोची आणि एक इलेक्ट्रॉनिक ठेवावी, दोघींना हवेची निरनिराळी नळी द्यावी, आणि पहिल्या लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी पूर्ण शक्तीने चढण घेऊन, उतरून, अर्धा तास थांबून, त्या पट्टीवरचे ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत.